जुन्या पंप-ॲक्शन बंदुकांचं मोल : अस्सल म्हणजे नेमकं काय?



तत्त्वज्ञानाचा मास्तर बंदुकांवर बोलायला उभा राहिला, याचं काहींना नवल वाटेल. मी शिकारी नाही, संग्राहकही नाही. पण ‘मोल कशात असतं?’ आणि ‘तीच वस्तू म्हणजे काय?’ हे दोन प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवले. हे प्रश्न पुस्तकात राहिले तर फारसं कुणाचं बिघडत नाही. पण अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात याच प्रश्नांच्या उत्तरावर खऱ्या माणसांचे खरे पैसे लागलेले असतात. म्हणून आजचा विषय.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे खेड्यापाड्यात जिला ‘बाराबोर’ म्हणतात, ती छऱ्यांची बंदूक म्हणजे शॉटगन. हा बारा कुठला? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. आता, दुनळी बंदुकीत दोन बार झाले की ती उघडून पुन्हा काडतुसं भरावी लागतात. पंप-ॲक्शनमध्ये नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात. डाव्या हातातली लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. सायकलच्या पंपासारखी हालचाल, म्हणून पंप.

बाजारात प्रत्यक्ष चाललेली अशी पहिली बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सरची. अमेरिकन यादवी युद्धातल्या स्पेन्सर रायफलीचा कर्ता तो हाच. सिल्व्हेस्टर रोपर याच्यासह त्याने १८८२ साली पेटंट घेतलं आणि कनेक्टिकट राज्यातल्या विंडसर गावी कारखाना काढला. कारखाना काही चालला नाही. तो फ्रान्सिस बॅनरमन नावाच्या, लष्कराचा जुना माल विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडे गेला. पुढे विंचेस्टर कंपनीने स्वतःची पंप बंदूक काढली तेव्हा बॅनरमनने पेटंटवरून कोर्टात धाव घेतली. विंचेस्टरच्या बाजूने जुनी इंग्रजी आणि फ्रेंच पेटंटं शोधून काढण्यात आली, ही कल्पना स्पेन्सरच्याही आधीची आहे असं दाखवण्यात आलं, आणि बॅनरमन हरला. ‘पहिला कोण’ हा वाद या बंदुकीला जन्मापासून चिकटलेला आहे, एवढं लक्षात ठेवा.

विंचेस्टरची ती बंदूक म्हणजे मॉडेल १८९३. रचना जॉन ब्राउनिंगची. ती काळ्या दारूसाठी बनवली होती. पण नेमक्या त्याच काळात धूरविरहित दारू बाजारात आली, तिचा दाब जास्त, आणि या बंदुकीला तो पेलवेना. कंपनीने रचना भक्कम करून मॉडेल १८९७ आणलं, आणि जुनी बंदूक आणून द्या, नवी घेऊन जा, अशी सोय केली. परत आलेल्या बंदुका मोडीत काढल्या. १८९३ च्या सुमारे ३४ हजारच बनल्या होत्या. मॉडेल १८९७ मात्र १९५७ पर्यंत बनत राहिलं, दहा लाखांहून जास्त नग. दोघींचे अनुक्रमांक सलग चालतात, जणू एकच घराणं.

आता गंमत बघा. बंदूक म्हणून १८९३ कमअस्सल. आजची काडतुसं तिच्यात घालू नयेत, जिवाला धोका आहे. पण संग्राहक तिला शोधत फिरतो! का? तर ती सदोष होती म्हणून परत गेली, परत गेली म्हणून कमी उरली, कमी उरली म्हणून हवीशी झाली. वापराचं मोल आणि संग्रहाचं मोल इथे दोन दिशांना तोंड करून उभी आहेत. हा पहिला धडा.

दुसरा धडा मॉडेल १२ चा. टी. सी. जॉन्सन या विंचेस्टरच्या अभियंत्याची ही रचना १९१२ साली आली, आधी वीस बोरमध्ये, मग बारा आणि सोळा, आणि १९३४ साली अठ्ठावीस बोर. हिचे सुमारे वीस लाख नग झाले. सगळी यंत्रणा जिच्यात बसते ते घर, ज्याला रिसीव्हर म्हणतात, ते पोलादाच्या घडीव तुकड्यातून कोरून काढलेलं. कारागिराची मजुरी वाढत गेली. १९५० साली रेमिंग्टनने मॉडेल ८७० आणलं, त्यातले कित्येक भाग पत्र्यातून ठोकून काढलेले, किंमत कमी, आणि बंदूक उत्तम चालणारी. तिचे पुढे एक कोटीवर नग विकले गेले. विंचेस्टरने १९६३–६४ च्या सुमारास मॉडेल १२ चं नेहमीचं उत्पादन थांबवलं आणि बाकीच्या बंदुकाही स्वस्तात बनवायला घेतल्या. तेव्हापासून संग्राहकांच्या बोलण्यात ‘चौसष्टच्या आधीची’ हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे जुन्या सागवानी वाड्याबद्दल बोलताना माणसाचा आवाज जसा बदलतो, तसा त्यांचा ‘चौसष्टच्या आधीची’ म्हणताना बदलतो.

मग मोल ठरवतात कसं? मॉडेल कोणतं, बोर किती, कारखान्याने दिलेली कलाकुसर कोणत्या दर्जाची, हे सगळं आहेच. पण सर्वांत मोठा प्रश्न एकच : कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, त्यातलं किती शिल्लक आहे? नळीवरचा निळसर-काळा मुलामा मूळचा किती टक्के उरला आहे, यावर किमतीची कोष्टकं छापलेली असतात.

समजा, एका घरात आजोबांची मॉडेल १२ आहे. मुलामा विटलाय, दस्त्यावर ओरखडे आहेत. नातवाने प्रेमाने ती पॉलिश करून घेतली, नवा मुलामा चढवला, दस्ता घासून चकचकीत केला. दिसायला बंदूक नवी झाली. पण बाजारात तिची किंमत वाढायच्या ऐवजी पुष्कळदा निम्म्यावर येते. तसंच नळीच्या तोंडाशी फिरवायचा चोक बसवणं. छऱ्यांचा फवारा रुंद-अरुंद करण्याची ती सोय १९३० ते १९५० च्या दशकांत फार लोकप्रिय होती. शिकाऱ्याला ती सुधारणा वाटली, संग्राहकाला ते नळी कापणं वाटतं. आणि कापलेली नळी परत वाढत नाही.

इथे मला मिलिंद राजा आणि नागसेन आठवतात. नागसेन विचारतो, राजा, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं, की हे सगळे भाग एकत्र आले की आपण व्यवहारासाठी ‘रथ’ हे नाव देतो, त्यापलीकडे वेगळा रथ नाही. ग्रीकांकडे हाच पेच थिसियसच्या जहाजाचा : एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का?

मॉडेल १२ दोन भागांत सुटते. एकात नळी, दुसऱ्यात रिसीव्हर. कारखाना दोन्हींवर एकच क्रमांक ठोकत असे. आता नळी दुसऱ्या बंदुकीची आली आणि क्रमांक जुळले नाहीत, तर शिकारी म्हणतो, उडते ना, मग तीच बंदूक. संग्राहक म्हणतो, ही दोन बंदुकांची अर्धुकं. शिकाऱ्याच्या लेखी बंदुकीची ओळख तिच्या कामात आहे, संग्राहकाच्या लेखी तिच्या इतिहासात. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींना ‘बंदूक’ म्हणताहेत. घोटाळा होतो तो एकाची किंमत दुसऱ्याच्या मापाने सांगितली की.

आणि घोटाळा म्हटला की नकली माल आलाच. अठ्ठावीस बोरची मॉडेल १२ दुर्मीळ, पण तिचा सांगाडा वीस बोरच्याच मापाचा. त्यामुळे वीसचं अठ्ठावीस करून विकणारे निघाले. दुसरं उदाहरण ‘ट्रेंच गन’चं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने मॉडेल १८९७ खंदकांत नेलं. आखूड नळी, वर हात भाजू नये म्हणून भोकं पाडलेलं पोलादी आवरण, आणि संगीन लावायची सोय. चाप दाबून धरला आणि मूठ पुढेमागे केली की प्रत्येक वेळी बार निघायचा. १९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मनीने निषेध नोंदवला : हे शस्त्र हेग कराराविरुद्ध, अनावश्यक यातना देणारं आहे, आणि ते बाळगणारा कैदी सापडला तर त्याला देहदंड होईल. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी हा दावा फेटाळला आणि तसं केलंत तर आम्हीही प्रत्युत्तर देऊ, असं बजावलं. ज्या देशाने विषारी वायू सोडला त्याने छऱ्यांविरुद्ध तक्रार करावी, हा विरोधाभास अनेकांनी दाखवला आहे. असो. अशी बंदूक हातात असणं म्हणजे इतिहासाचा तुकडा हातात असणं. म्हणूनच साध्या शिकारी १८९७ वर नवं आवरण चढवून, लष्करी शिक्का ठोकून ‘खंदकातली बंदूक’ तयार करणारे आहेत.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? आपल्या न्यायशास्त्राची प्रमाणं इथे चपखल बसतात. पहिलं प्रत्यक्ष : भिंग घेऊन बघा. स्क्रूच्या खाचा कुणी उकलून ठेचल्यात का? कोरलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत, की पॉलिशच्या चाकावर बोथट झाल्यात? मूळ दस्त्याचं लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच असतं, घासलं की खाली जातं. दुसरं अनुमान : शिक्का या काळातला, पण क्रमांक त्या काळातला, तर मधे कुणाचा तरी हात आहे. युद्धकाळातल्या आवरणावर भोकांच्या आधी सहा रांगा असत, दुसऱ्या महायुद्धात त्या चार झाल्या. सन आणि रांगा जुळत नसतील तर थांबा. तिसरं शब्द, म्हणजे आप्तवाक्य : वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. ज्या क्रमांकांच्या नोंदी टिकल्या, त्यांचं पत्र तिथून मिळतं. विकणाऱ्याची ‘आजोबा फ्रान्सला गेले होते’ ही गोष्ट मात्र आप्तवाक्य नव्हे. संग्राहक एकमेकांना सांगतात, बंदूक विकत घ्या, गोष्ट नको. नैयायिकांनी यावर मान डोलावली असती!

आता कायद्याकडे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र ‘प्राचीन’ मानलं. म्हणजे १८९८ च्या डिसेंबरात बनलेली १८९७ आणि १८९९ च्या जानेवारीत बनलेली तिची बहीण, कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या जातींच्या. यंत्र तेच, फरक फक्त तारखेचा. आपला १९५९ चा शस्त्र कायदा वेगळा प्रश्न विचारतो. जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. तिथे विचारतात ‘कधी बनलं?’, इथे विचारतात ‘मारू शकतं का?’ शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हा हा छंद आपल्याकडे फोफावणं कठीण, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

कारण एक प्रश्न उरतो, तो टाळून चालणार नाही. ही वस्तू मारण्यासाठी बनली. बदकांच्या थव्यांवर पंप बंदुकांनी काय केलं, ते नंतरच्या नियमांवरून कळतं : १९३५ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं ठेवायची सक्ती झाली. १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे देशभर बंद झाले, कारण पाण्यात पडलेलं शिसं गिळून पक्षी विषबाधेने मरत. बदली आलेले पोलादी छरे जुन्या अरुंद चोकच्या नळ्यांना मानवत नाहीत. त्यामुळे कितीतरी जुन्या बंदुका तळ्याकाठून कपाटात गेल्या. त्यांचा संग्रह होण्यामागे निव्वळ हौस नाही, असे निर्णयही आहेत.

मग अशा वस्तूचं मोल करणं म्हणजे हिंसेचं कौतुक का? मला वाटतं, ते आपण काय जपतो यावर ठरतं. नुसता दरारा जपायचा असेल तर नकली ट्रेंच गनही पुरते, तिचाही दरारा तेवढाच. पण जो संग्राहक भिंग घेऊन स्क्रूची खाच बघतो, त्याला दरारा नको आहे, त्याला पुरावा हवा आहे. झिजलेली मूठ सांगते की कुणी चाळीस हिवाळे ही ओढली. कापलेली नळी सांगते की एका पिढीला सोय प्यारी होती. हे सगळं पुसून चकचकीत करणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड बंद करणं.

तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आपल्यापैकी काहींचे नातेवाईक अमेरिकेत आहेत. तिथे कुणाकडे, जुन्या घराबरोबर किंवा सासरकडून, अशी बंदूक आली तर आधी जाणकाराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या. आजची काडतुसं घालून बघू नका, जुन्या सोळा बोरच्या बंदुकीत तर काडतुसाचं घरच आजच्यापेक्षा आखूड असतं. आणि तारेची घासणी किंवा पॉलिश लावू नका. गंजाचा डाग काढायची घाई करणाऱ्याने तिचं मोल उतरवलेलं असतं, आणि तिच्याबद्दल कळू शकणारं काहीतरी कायमचं घालवलेलं असतं. पैसे एखादवेळी परत मिळतील, ती माहिती मिळणार नाही.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.