‘नर्व्हसली’ : एका क्रियाविशेषणाचा अर्थेतिहास

प्रास्ताविक

हात थरथरणे, शब्द अडखळणे, नजर स्थिर न राहणे अशा वर्तनाच्या वर्णनासाठी इंग्रजीत ‘नर्व्हसली’ हे क्रियाविशेषण योजले जाते. मराठीत त्यासाठी ‘बिचकत’, ‘घाबरतघाबरत’ असे शब्द येतात. तथापि हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. किंबहुना मूळ अर्थ याच्या नेमका उलट होता.

व्युत्पत्ती

लॅटिनमधील ‘नर्व्हस’ या नामाचे अर्थ कंडरा आणि धनुष्याची दोरी असे होते. त्यापासून झालेल्या ‘नर्व्होसस’ या विशेषणाचा अर्थ पीळदार, बळकट. ग्रीक ‘न्यूरॉन’ हा शब्दही आरंभी कंडरेचाच वाचक होता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हिरोफिलस व इरासिस्ट्रेटस यांनी शवविच्छेदनाच्या आधारे मज्जातंतू कंडरांहून वेगळे ओळखले. परंतु त्यांना नाव मात्र जुनेच राहिले. पुढील अर्थांतराचे बीज या द्व्यर्थात आहे.

अर्थांतराची प्रक्रिया

इंग्रजीत हे विशेषण प्रथम बळाच्या अर्थाने रुळले. ‘नर्व्हस’ शैली म्हणजे जोरकस, ओजस्वी शैली. दरम्यान थॉमस विलिस यांच्या 1664 मधील मेंदूविषयक ग्रंथानंतर रोगांच्या मीमांसेत मज्जातंतूंना महत्त्व येत गेले. जॉर्ज चेनी यांनी 1733 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इंग्लिश मॅलडी’ या ग्रंथात इंग्लंडमधील प्रतिष्ठित वर्गाच्या सुमारे एकतृतीयांश तक्रारी मज्जातंतूंच्या विकारांत मोडतात, असे प्रतिपादन केले. समृद्धी, बैठी जीवनपद्धती व पचण्यास जड आहार ही कारणे त्यांनी दिली. त्यामुळे ही दुर्बलता सुसंस्कृत, संवेदनशील प्रकृतीचे लक्षणही मानली जाऊ लागली.

या संक्रमणाचा उत्तम पुरावा सॅम्युएल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशात आढळतो. तेथे ‘नर्व्हस’चा पहिला अर्थ बळकट, जोमदार असा आहे, दुर्बल मज्जातंतूंचा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर असून त्याला ‘वैद्यकीय बोली’ असा काहीसा उपहासगर्भ शेरा जोडलेला आहे. कालांतराने ही वैद्यांची बोलीच सर्वमान्य झाली आणि मूळ अर्थ मागे पडला.

भारतीय समांतर

संस्कृत ‘स्नावन्’ व ‘स्नायु’ हे शब्द याच भारोपीय कुळातील होत. सुश्रुतसंहितेत 900 स्नायू सांगितले आहेत; तेथे अभिप्रेत आहेत ते बंध व कंडरा. आज मात्र मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी, तर हिंदी व बंगालीत तोच शब्द मज्जातंतूंसाठी रूढ आहे. शरीररचनेची नावे ज्ञानाबरोबर बदलत नाहीत, मात्र त्यांचे अर्थ सरकतात, हे येथेही दिसते.

निष्कर्ष

सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजी गद्य अध्यापनात वाचताना ‘नर्व्हस’ला आजचा अर्थ लावल्यास लेखकाने केलेली स्तुती निंदा ठरते. शब्दाचा अर्थ त्याच्या काळाच्या संदर्भात निश्चित करणे ही म्हणूनच केवळ भाषाशास्त्राची नव्हे, तर इतिहासलेखनाचीही पूर्वअट आहे.