वीज मुंबईला, पाणी आम्हाला

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये मी वर्षानुवर्षं पाण्याच्या चाव्या सोडल्या. चेंबरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी खाली बसवायची आणि जोर लावून फिरवायची. पाइपातून आधी हवा फुसफुसते, मग पाणी येतं. उन्हाळ्यात बायका विचारायच्या, "भाऊ, आज प्रेशर का नाही?" त्याचं अर्धं उत्तर सह्याद्रीवर, आंदर मावळात असतं, हे मी कामावरच शिकलो.

तिथली आंध्रा नदी मूळची पूर्वेला जाणारी. इंद्रायणीला मिळायचं, देहू-आळंदीवरून भीमेत आणि पंढरपूर करत बंगालच्या उपसागराकडे, ही तिची वाट. टाटांच्या कंपनीने ठोकळवाडीला तिला अडवलं आणि पाणी पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली, कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला उतरवलं. पाइपांतून सुटलेली धार पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळते, चाकं फिरतात, वीज होते. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू होतं, पण मुंबईच्या गिरण्यांची भूक मोठी होती. १९२२ मध्ये भिवपुरी सुरू झालं. टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध त्याआधी वर्षभर, १९२१ मध्ये, मावळातले शेतकरी सेनापती बापटांसोबत सत्याग्रहाला उभे राहिले होते.

चाकं फिरवून झालेलं पाणी पेज नदीत पडतं आणि उल्हासला मिळतं. ते आमच्यासाठी सोडलेलं नव्हतंच. तेव्हा आमचं शहरच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये नदीवरून शहराला नाव मिळालं. पुढे अंबरनाथ, बदलापूर वाढले. सत्तरच्या दशकात एमआयडीसीचं बारवी धरण झालं. आज उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते ती बारवी आणि आंध्राच्या पाण्यावर. एमआयडीसी, जीवन प्राधिकरण, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, कल्याण-डोंबिवली महापालिका, सगळे याच नदीतून पाणी उचलतात.

शहराचा इतिहास आपण १९४७ पासून सांगतो. त्यात १९२२ सालही आलं पाहिजे, आणि आंदर मावळात ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ती माणसंही. गिरण्या बहुतेक बंद पडल्या, त्या पाण्यावर आपण मात्र जगतो आहोत. हे ऋण फिटणारं नाही. पण आपल्या नाल्यांचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय उल्हासमध्ये जाऊ न देणं, एवढं तरी आपल्याला करता येईल आणि ते आपण केलंच पाहिजे.