पंचमीचा फेर ते पहाटेचा व्यायामवर्ग



गेल्या वर्षी आम्ही ग्रामसंघात पहाटेचा व्यायामवर्ग सुरू करायचं ठरवलं. त्या बैठकीत एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं पोरींनो, दिवसभर खुरपायचं, पाणी आणायचं, जनावरांचं बघायचं. त्यावर आणखी व्यायाम कशाला? आमच्या आई-आज्यांनी कधी केला होता?"

आमच्यापैकी कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मग आम्ही गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत गेलो आणि तालुक्याच्या वाचनालयातून चार पुस्तकं आणली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, आई-आज्या व्यायाम करत होत्या, फक्त त्याला व्यायाम म्हणत नव्हत्या. आमच्या माण-खटाव भागात नागपंचमी आली की झाडाला झोके बांधायचे आणि रात्री फेर धरायचा. गौरी-गणपतीत झिम्मा-फुगडी व्हायची. काही घरांत नव्या नवरीची मंगळागौर लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी जागवायची रीत आहे. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटा-पागोटा असे किती तरी खेळ त्या रात्री होतात. आश्विनात कुठे हादगा, कुठे भोंडला, तर विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई.

फुगडी तर फार जुनी. तुकोबांच्या गाथेत फुगडीवर अभंग आहेत आणि वारीत आजही ती घालतात. आता फुगडीत शरीर काय करतं ते बघा. पाय जवळ, हातांची अढी, अंग मागे झोकलेलं आणि वरून गरागरा फिरणं. पाय, पोट, खांदे, मनगटं सगळ्यांनाच काम. समोरचीनं हात सोडला तर दोघीही पडणार. म्हणजे एकटीनं करायची गोष्टच नाही ही. आमच्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरायच्या, जिना चढवायचा नाही, पण रात्र झाली की पुन्हा अंगणात.

पण हे सगळं सणापुरतं. एरवीच्या दिवशी बाई अंगणात उड्या मारायला लागली असती तर लोकांनी नावं ठेवली असती.

रोजचं होतं ते जातं. दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा धरायच्या आणि पहाटे पहाटे ओव्या म्हणत दळायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासर-माहेर आहे, देव आहे, कष्टही आहेत. जात्याला आपण उगाच व्यायाम म्हणून मिरवू नये. दमलेल्या बाईला तिथून उठता येत नव्हतं. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं आनंदानं कोपऱ्यात ठेवलं. मात्र पहाटे दोघींनी जवळ बसून मन मोकळं करायची जागाही त्याबरोबर गेली.

शरीर कमवायची म्हणून जी जागा होती, ती म्हणजे तालीम. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम प्रसिद्ध होती. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं आणि १९३६ साली त्यांच्या पथकानं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. अभिमानाचीच गोष्ट. पण गावागावांतल्या तालमी होत्या पुरुषांच्या. बाई तिथून डोक्यावर पदर ओढून पुढे जायची.

आता आमच्याच भागातली एक गोष्ट. औंध आमच्यापासून लांब नाही. यमाईचं औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. स्वतः रोज घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. महत्त्वाचं म्हणजे हा व्यायाम बायका-मुलींसाठीही आहे, असं ते सांगत. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालत. १९३६ साली लुईस मॉर्गन या बाईंनी लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्रात त्यावर लिहिलं आणि १९३८ साली त्यांनीच संपादित केलेलं राजांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक तिकडे निघालं. दुष्काळी भागातल्या एका छोट्या संस्थानाचा व्यायाम असा साता समुद्रापार गेला.

याच औंध संस्थानात किर्लोस्करवाडी होती आणि तिथूनच १९३० साली 'स्त्री' हे मासिक निघालं. मुलींचा व्यायाम आणि बायकांचं वाचन एकाच काळात, एकाच मुलखात वाढत होतं, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

पण राजांचे नमस्कार शाळेत होते. शाळा सुटली, लग्न झालं, की बाईचं व्यायामाशी नातं संपलं. आमच्यातल्या कितीजणी शाळेत खो-खो खेळायच्या, लेझीम हातात घ्यायच्या! विसाव्या वर्षानंतर त्यातलं काहीच केलं नाही.

म्हणून आम्ही समाजमंदिरात पहाटे साडेपाचला वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी एकवीसजणी आल्या. सहावारी साडीत पाय अडकू लागले. नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या मात्र कासोटा खोचून आमच्या पुढे. दुसऱ्या दिवशी अंग असं दुखलं की चुलीपुढे बसून उठता येईना. शेतात राबणाऱ्या बायका आणि दहा नमस्कारांनी आडव्या! तेव्हा आजींच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मिळालं. खुरपताना आपण तासन् तास एकाच बाजूला वाकतो. ऊसतोडीला गेलो तर मोळीचा भार मानेवर घेतो. काही सांधे झिजतात आणि काही स्नायू कधी ताणलेच जात नाहीत. काम शरीराकडून घेतं. व्यायामात आपण त्याला उलट बाजूला वळवतो, श्वास पुरवतो आणि हवं तेव्हा थांबतो.

थांबण्याचं मात्र आम्ही शिकलो ते चुकून. दुसऱ्या आठवड्यात आम्ही हौसेनं ठरवलं, सगळ्यांनी बारा नमस्कार घालायचेच. गट आहे, मागे कुणी राहायचं नाही. आमच्यातल्या एका काकूंची कंबर आधीपासून दुखत होती. लाजेनं त्या बोलल्या नाहीत. नवव्या नमस्काराला खाली वाकल्या त्या सरळ होईनात. त्यांना जीपमधून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्या घरचे आमच्यावर चिडले आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पुढचे आठ दिवस समाजमंदिराला कुलूप होतं.

मग आम्ही सगळ्याजणी काकूंच्या घरी गेलो आणि आमची चूक कबूल केली. काकू म्हणाल्या, "बैठकीत तुम्ही विचारता हप्ता आणला का. कुठं दुखतंय हे कधी कुणी विचारलं का?"

त्या वाक्यानं आमचा वर्ग बदलला. आता आधी गोल करून बसतो आणि प्रत्येकीला विचारतो. कुणाचा गुडघा, कुणाची पाळी, कुणाची पिशवी काढलेली, कुणाला चक्कर. दहा-दहा वर्षं एका गटात बसून जे कळलं नव्हतं, ते पंधरा दिवसांत कळलं. दोघींना तपासायला आम्हीच घेऊन गेलो. ज्यांना वाकायचं नाही त्या खुर्चीवर बसून हात आणि घोटे फिरवतात. नवीन बाईला आधी सांगतो, की पहिले दोन-तीन दिवस स्नायू दुखतील, ते बरं होतं. पण सांध्यात कळ आली किंवा छातीत दुखलं तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आता चौदाजणी नियमित येतात. सुगीत सात उरतात. एकीला सासऱ्यांनी अजून पाठवलेलं नाही, तिच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत. काकू तीन महिन्यांनी परत आल्या. त्या खुर्चीवर बसून आकडे मोजतात आणि कुणी घाई केली की ओरडतात.

ज्या आजींनी प्रश्न विचारला होता, त्या पंचमीला समाजमंदिरात आल्या. म्हणाल्या, "तुमचे ते नमस्कार राहू द्या, या, माझ्याशी फुगडी घाला." तीन गिरक्या घेतल्या, धापा टाकत ओट्यावर बसल्या आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.

तुमच्या गावात आज्या कोणते खेळ खेळायच्या, ते त्यांना या आठवड्यात विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. वर्ग सुरू करायचा असेल तर सुरुवात त्यातल्याच एका खेळानं करा. आणि त्याच्याही आधी गोल करून बसा. कुठं दुखतंय ते एकमेकींना विचारा.