जिल्हा परिषदेतली आपली खुर्ची



स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासावर लिहा, असं विहार समितीनं सांगितलं. आम्ही जिनिंगमध्ये रेच्यावर राबणारे. शाळा सातवीपर्यंत, बाकी जे वाचलं ते पाळी सुटल्यावर विहाराच्या वाचनालयात. राजेरजवाड्यांचा इतिहास आम्हाला जमायचा नाही. बीड जिल्ह्याच्या कारभारात आपल्या माणसाला खुर्ची कशी मिळाली, एवढंच लिहितो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा आपला बीड जिल्हा अजून हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आमच्या वडील मंडळींनी चार वर्षांत धर्मही बदललेला पाहिला आणि दोन वेळा राज्यही. पण गावचा पाटील तोच होता.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळेचा मास्तर, दवाखान्याची नर्स, गावचा रस्ता, हातपंप हे सगळं तिथून हलू लागलं. मंत्रालय आमच्या लोकांनी सिनेमात बघितलं. जिल्हा परिषद मात्र रोजची दारात. शिवाय पुढं जायची ती पहिली पायरी. गोपीनाथ मुंडे १९८० ला रेणापूरहून आमदार झाले, त्याआधी ते जिल्हा परिषदेतच होते.

आता आपली अडचण इथंच होती. १९६० पासून महाराष्ट्र सरकारनं नवबौद्धांना शिक्षण-नोकरीच्या सवलती दिल्या, ते खरं. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध नव्हता. विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागेवर बौद्ध म्हणून फॉर्म भरता येत नव्हता. मग ज्याला राजकारणात वर जायचं, तो खालपासूनच दाखल्यावर 'हिंदू महार' ठेवायचा. विहारात पंचशील घ्यायचं आणि कचेरीत हिंदू व्हायचं! आम्ही त्यांना दोष देत नाही. पोटापाण्याच्या आणि सत्तेच्या गोष्टी बोलायला सोप्या असतात.

आमचे चुलते मात्र ऐकणारे नव्हते. वयाच्या विशीत नागपूरला जाऊन आलेले. १९७९ च्या निवडणुकीत एका पक्षाचा पुढारी घरी आला. म्हणाला, "दादा, तिकीट तुम्हालाच. फक्त तेवढा दाखला महारचा करून आणा. पुढं आमदारकीलाही आडकाठी नाही." चुलत्यानं त्याला चहा पाजला, आणि म्हणाले, "दीक्षा घ्यायला शेकडो मैल गेलो. ती परत द्यायला तहसीलपर्यंतही यायचो नाही." तिकीट दुसऱ्याला गेलं. घरात काकू आठ दिवस बोलली नाही, कारण निवडून आले असते तर वस्तीवर रस्ता झाला असता. तिचंही चूक म्हणवत नाही.

१९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारनं कायदा केला आणि धर्मांतरित बौद्ध अनुसूचित जातीत धरले गेले. आम्ही तेव्हा ऐन विशीत होतो. योगायोग असा की १९७९ नंतर जिल्हा परिषदेची निवडणूक थेट १९९२ ला झाली. तेरा वर्षं! त्याच निवडणुकीत बायांना तीस टक्के जागा होत्या. दाखल्यावर बौद्ध लिहून, मान वर करून फॉर्म भरायची ती पहिलीच वेळ. चुलते तोवर वयस्कर झाले होते. प्रचाराला मात्र सायकलवर हिंडले.

खुर्ची मिळाली म्हणून सगळं मिळालं असं नाही. आपल्या माणसाला बहुधा समाजकल्याणचं सभापतिपद देतात. बांधकाम कुणाकडं जातं ते आपण जाणताच. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांवर खर्चावे लागतात, हे कित्येक सदस्यांना पाच वर्षं सरली तरी माहीत नसतं. आमच्या ओळखीची एक बाई निवडून आली, सही शिकून. पहिलं वर्ष नवराच बोलायचा. मग तिनं विहारातल्या पोरांकडून अंदाजपत्रक वाचून घेतलं आणि सभेत उभी राहून विचारलं, "आमच्या वीस टक्क्यांचं काय झालं?" नवऱ्याला तो आकडाच ठाऊक नव्हता. त्या वर्षी वस्तीत दिवे लागले. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं, गट सुटला, बाई पुन्हा खुरप्यावर.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सापडत नाही. २०१२ आणि २०१७, दोन्ही निवडणुका फेब्रुवारीत झाल्या. फेब्रुवारीत आपली वस्ती असते कुठं? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको कोयत्यावर गेलेले, कुणी सांगलीला, कुणी कर्नाटकात. गावात उरतात म्हातारी अन् लेकरं. मग मतदानाच्या आदल्या रात्री ट्रक पाठवून माणसं आणतात. ट्रक ज्याचा, जेवण त्याचं. मत कुणाला ते आम्ही सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती २५ लाख ८५ हजार भरली. त्यातला फडावरचा माणूस पाच महिने कुणाच्याच गटात नसतो, अन् त्याची पोरगी ज्या शाळेतून सुटते ती शाळा जिल्हा परिषदेचीच असते.

मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडं गेला. इतर मागासांच्या आरक्षणाचा वाद कोर्टात, म्हणून निवडणुका पुढं पुढं. २०२५ सालीही सभागृह मोकळंच होतं. चुलते आता नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात वस्तीच्या नाल्याचा अर्ज घेऊन आम्ही चौघं एका कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तुमच्या गटाचे सदस्य कोण?"

आम्ही म्हटलं, "साहेब, ते माजी आहेत."