उकळणारा दगड

पिरंगुटच्या घाटात, कापलेल्या कातळासमोर उभे राहा आणि सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे जा. रस्ता नाही, घाट नाही, सह्याद्रीचा आकारही नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा येतोय, पसरतोय, थिजतोय. त्यावर पुन्हा नवा थर. थिजताना आत अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहतात. पुढे त्यांत गरम पाणी झिरपतं आणि कडांवर स्फटिक धरतात: पांढरं-गुलाबी स्टिल्बाइट, सुयांचा झुबका असावा तसं स्कोलेसाइट. ही झिओलाइटं. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले असे गुच्छ आज जगभरच्या संग्रहांत आहेत.

आता १७५६ साल, स्वीडन. अक्सेल क्रोनस्टेट हा खनिजशास्त्रज्ञ फुंकणीने ज्योत अशाच एका खड्यावर सोडतोय, आपले सोनार सोडतात तशी. खडा फसफसतो, फुगतो. वाकून पाहा: दगडातलं पाणी उकळून बाहेर पडतंय!

‘याचा उपयोग काय?’ असं त्याला विचारावंसं वाटेल. विचारू नका. ज्या वायूसाठी हा दगड पुढे माणसांच्या उशाशी येणार आहे, तो ऑक्सिजन अजून कोणाला माहीतच नाही. तो सापडायला पंधरा-वीस वर्षं आहेत. नायट्रोजनचंही तेच. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शब्दसुद्धा जन्मलेले नाहीत, त्यावर संशोधनाचा खर्च अडवणं मला घोर अन्याय वाटतो. दगड का उकळतो, हे कळायला हवं. क्रोनस्टेटला एवढं कारण पुरलं.

पुढची वर्षं भरभर उलटा. १८४० मध्ये दामूर नावाचा शास्त्रज्ञ दाखवतो की पाणी गेलं तरी स्फटिक मोडत नाही, तो पुन्हा पाणी धरतो. विसाव्या शतकात उलगडतं की आत एकसारख्या मापाची, रेणूएवढी छिद्रं आहेत. रिचर्ड बॅरर इंग्लंडमध्ये आणि रॉबर्ट मिल्टन अमेरिकेत झिओलाइट प्रयोगशाळेतच बनवू लागतात.

मे २०२१, कोविडची दुसरी लाट. तुम्ही पुन्हा पिरंगुटमध्ये आहात, शेजारच्या काकूंच्या खोलीत. ऑक्सिजनचा सिलिंडर मिळत नाहीये. भाड्याने आणलेला कॉन्सन्ट्रेटर कोपऱ्यात घरघरतोय. आत कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटच्या बारीक गोळ्या भरलेली दोन नळकांडी आहेत. दाबाखाली हवा आत येते, नायट्रोजन गोळ्यांना धरून बसतो, ऑक्सिजन पुढे निसटतो. एक नळकांडं भरत असतं तेव्हा दुसरं दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकतं. मधूनमधून येणारा तो फुस्स आवाज त्याचाच. हवेत जेमतेम २१ टक्के असलेला ऑक्सिजन काकूंच्या नाकाशी नव्वदच्या घरात पोचतोय.

त्यांचा मुलगा यंत्राकडे संशयाने पाहतो. “यातला ऑक्सिजन संपला तर?”

“संपायचा नाही रे, खोलीतल्या हवेतलाच आहे. लाईट तेवढी जायला नको.”