फाईल कुणाच्या मालकीची?

फुकट ऑफिस सॉफ्टवेअर वापरून पाहिलेल्या बहुतेकांची गोष्ट एकाच ठिकाणी अडते. अशा सॉफ्टवेअरचं आजचं सर्वांत परिचित रूप म्हणजे लिब्रेऑफिस. ते डाउनलोड केलं, की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. पत्र टाईप होतं, बेरजा जमतात, पीडीएफ निघते आणि या सगळ्याला एक रुपयाही पडत नाही. मग कुणीतरी वर्डमध्ये केलेली फाईल पाठवतं. तिच्यातला तक्ता अर्धा पुढच्या पानावर घसरतो, परिच्छेदांचे क्रमांक विसकटतात, आणि 'शेवटी फुकट ते फुकटच' असा निकाल देऊन माणूस जुन्या घरी परततो.

त्रास खरा आहे, पण आरोपी भलताच धरला आहे. कारण ती फाईल ज्या लिपीत लिहिली जाते, ती कित्येक वर्षं एकाच कंपनीच्या कपाटात बंद होती. फुकट ऑफिसचा इतिहास हा दिसायला किमतीचा इतिहास आहे. खरं भांडण मात्र आपण लिहिलेला मजकूर उघडण्याची किल्ली कुणाकडे असावी, याचं आहे.

या गोष्टीची सुरुवात जर्मनीत होते. १९८५ साली ल्युनेबुर्ग या गावात मार्को ब्योरिस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली आणि झिलॉग झेड-८० प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरांसाठी स्टाररायटर हा वर्ड प्रोसेसर विकायला आणला. तेव्हा बाजारात एकाची सत्ता नव्हती. आपल्याकडेही नव्वदीच्या सुरुवातीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत ते वर्डस्टार आणि लोटस १-२-३. प्रत्येक पॅकेजची फाईल वेगळी, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण फाईल शेवटी कागदावर छापण्यासाठीच असे.

ई-मेल आल्यावर हे बदललं. कागदाऐवजी फाईलच एकमेकांना पाठवली जाऊ लागली, आणि समोरच्याकडे जे सॉफ्टवेअर असेल तेच आपल्याकडे असणं भाग झालं. नव्वदीच्या अखेरीस ते सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस होतं. त्याची 'डॉक' फाईल बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या आकड्यांची; आणि तिची रचना कशी असते याचा तपशील सर्वांसाठी खुला नव्हता. मायक्रोसॉफ्टने तो प्रसिद्ध केला २००८ साली. तोवर दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला वर्डची फाईल उघडायची, तर हजारो फाईली चाचपून, कुठला आकडा कशासाठी आहे ते ओळखत बसावं लागे. घसरणाऱ्या तक्त्याचं मूळ इथे आहे.

१९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने स्टार डिव्हिजन विकत घेतली. यामागचं कारण सनमधल्या सायमन फिप्स यांनी नंतर मोठं गमतीदार सांगितलं होतं. कंपनीत सुमारे ४२,००० माणसं. जवळपास प्रत्येकाला कामासाठी सनचं युनिक्स यंत्र, आणि शिवाय विंडोजचा लॅपटॉप. इतक्या जणांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी अख्खी कंपनी घेणं स्वस्त पडलं! २००० सालच्या जुलैत सनने या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली, ऑक्टोबरात तो खुला झाला, आणि २००२ च्या मे महिन्यात ओपनऑफिस.ऑर्गची १.० आवृत्ती आली.

बातमी झाली ती 'फुकट ऑफिस' अशी. पण त्याच आवृत्तीत कमी गाजलेला एक निर्णय होता. तिची फाईल बायनरी नव्हती. आजही करून पाहता येण्यासारखा प्रयोग आहे. लिब्रेऑफिसमध्ये दोन ओळी मराठीत लिहा, फाईल साठवा, तिच्या नावाच्या शेवटचं 'ओडीटी' काढून तिथे 'झिप' करा आणि उघडा. आत एक छोटं फोल्डर दिसेल. चित्रं एकीकडे, शैली दुसरीकडे, आणि 'कंटेंट' नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये खुणांच्या मधोमध तुमच्या दोन ओळी, साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतील अशा. उद्या पृथ्वीवरचं प्रत्येक ऑफिस सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी तो मजकूर हाती लागेल.

हीच रचना पुढे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, या नावाने २००५ साली ओअॅसिस या संस्थेचं आणि २००६ साली आयएसओचं प्रमाण झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्येच ठरवलं, की सरकारी कागद खुल्या स्वरूपातच ठेवायचे. नागरिकाला सरकारी कागद वाचता यावा म्हणून अमुक कंपनीचा माल घ्यावा लागू नये, हा त्यामागचा विचार. त्यावरून इतकं वादळ उठलं, की राज्याचे माहिती-अधिकारी पीटर क्विन यांनी काही महिन्यांतच पद सोडलं.

मायक्रोसॉफ्टनेही मग स्वतःचं एक्सएमएल स्वरूप प्रमाणित करून घ्यायला काढलं. तो मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता. त्यात 'वर्ड ९५ जसं अंतर सोडतं तसं सोडा' अशा अर्थाच्या सूचना होत्या. तक्त्यांच्या तारखांत १९०० हे लीप वर्ष मानलेलं होतं, जे ते नव्हतं. ही चूक मूळ लोटस १-२-३ मधली. जुन्या फाईली बिघडू नयेत म्हणून एक्सेलने ती जपली आणि ती थेट प्रमाणाच्या मसुद्यात शिरली. एखाद्या घराण्यात चुकीची जन्मतारीख पिढ्यान् पिढ्या चालावी, तसं. २००८ साली हेही आयएसओ प्रमाण झालं. भारताने विरोधात मत दिलं होतं, आणि निकालाविरुद्ध अपील करणाऱ्या चार देशांतही भारत होता. बाकीचे तीन म्हणजे ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला. अपिलं फेटाळली गेली.

कागदावरचं हे भांडण प्रत्यक्ष कचेरीत कसं उतरतं, ते म्युनिकने दाखवलं. शहराचे सुमारे १४,००० कॉम्प्युटर विंडोज एनटीवर होते आणि त्याचा आधार संपत आला होता. महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर स्विट्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी सोडून आले; किंमतही खूप खाली आणली गेली. तरीही मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्स आणि ओपनऑफिसच्या बाजूने कौल दिला. कारण म्हणून पैशांपेक्षा एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहण्याची धास्ती पुढे केली गेली.

पुढची दहा वर्षं गेली ती सॉफ्टवेअर बसवण्यात कमी आणि जुने कागद सोडवण्यात जास्त. प्रत्येक खात्याचे स्वतःचे पत्रनमुने, स्वतःचे मॅक्रो. कुणी कधीतरी लिहिलेले आणि लिहिणारा निवृत्त झालेला. हे नमुने एका जागी आणण्यासाठी म्युनिकने वोलमक्स नावाचं साधन स्वतः घडवलं आणि तेही सर्वांना खुलं केलं. २०१३ पर्यंत बहुतेक कॉम्प्युटर नव्या व्यवस्थेवर आले. पण बाहेरून येणाऱ्या फाईली वर्डच्याच होत्या. तक्रारी चालू राहिल्या, महापौर बदलले, आणि २०१७ साली नगरसभेने विंडोजकडे परत जायचं ठरवलं. त्याआधी सल्लागारांनी दिलेल्या अहवालात मात्र अडचणींचा मोठा भाग लिनक्सच्या नव्हे, तर खात्यांच्या रचनेच्या माथी मारलेला होता. फ्रायबुर्ग शहराने २००७ मध्ये घेतलेला असाच निर्णय २०१२ मध्ये फिरवला. तिथे जुनं आणि नवं ऑफिस शेजारी शेजारी चालू ठेवलं होतं, म्हणजे फाईल दोन घरांत सतत फेऱ्या मारत होती आणि दर फेरीला थोडी विसकटत होती.

फाईल उघडते पण मजकूर हाती लागत नाही, हे दुखणं मराठी लिहिणाऱ्यांना वेगळं समजावून सांगायला नको. श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या फॉन्टांच्या काळात कॉम्प्युटरच्या दृष्टीने आपण इंग्रजी अक्षरंच टाईप करत होतो. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवत असे. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. काही पॅकेजांना तर कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं डाँगल असे. ते बिघडलं की काम ठप्प. अशी फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली, की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. त्यात शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. वास्तविक सामायिक संकेत हाताशी होता. 'इस्की' हे भारतीय प्रमाण १९९१ सालचं, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण डीटीपीच्या धंद्याची घडी कंपन्यांच्या फॉन्टांवर बसलेली होती, ती मोडायला पुढची दोन दशकं लागली.

म्हणूनच आपल्याकडे फुकट ऑफिसचा प्रयोग दुहेरी ठरला. ओपनऑफिसच्या १.१ आवृत्तीत, २००३ साली, देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांची सोय आली. सी-डॅकने 'भारतीय ओओ' या नावाने भारतीय भाषांतली रूपं तयार केली, आणि २००५ पासून केंद्र सरकारने तमिळ, हिंदी आणि मग मराठीसह इतर भाषांच्या सीडी फुकट वाटल्या. पण जुनी डॉक फाईल लिब्रेऑफिसमध्ये कितीही नीट उघडली, समास आणि पानांचे क्रमांक जागेवर राहिले, तरी आतला मजकूर जुन्या फॉन्टातला असेल तर तो कचराच दिसतो. एक कुलूप फाईलचं आणि दुसरं अक्षरांचं. ओडीएफने पहिलं काढलं, युनिकोडने दुसरं. दोन्ही निघाली तरच मजकूर आपला.

या गोष्टीत फुकट ऑफिसची बाजूही निष्कलंक नाही. ओपनऑफिसपूर्वीच्या स्टारऑफिसची स्वतःची फाईलसुद्धा बायनरीच होती. सन कंपनी २०१० मध्ये ऑरेकलच्या ताब्यात गेली, धास्तावलेल्या स्वयंसेवकांनी त्याच सप्टेंबरात द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून लिब्रेऑफिस वेगळं काढलं, आणि २०१३ च्या ४.० आवृत्तीत त्या जुन्या फाईली उघडण्याची सोय सांभाळायला अवघड म्हणून काढून टाकली. म्हणजे ज्यांनी बंद फाईलींविरुद्ध झेंडा उभारला, त्यांच्याच पूर्वजांची फाईल त्यांच्याच घरात उघडेना. पण कोड खुला होता. कुणीतरी नंतर वेगळं साधन लिहून ती सोय परत आणली. बंद सॉफ्टवेअरमध्ये हा 'कुणीतरी' कंपनीच्या बाहेरचा असू शकत नाही, एवढाच फरक. पण तो पुरेसा आहे.

आज वर्डची 'डॉकएक्स' फाईलही झिप करून पाहिली तर आत एक्सएमएलच निघतं, आणि वर्ड ओडीएफही उघडतं. वापरणाऱ्यांच्या संख्येत फुकट ऑफिस हरलं असेल, फाईल उघडी असावी या मुद्द्यावर त्याने प्रतिस्पर्ध्यालाही हलवलं. दरम्यान ऑनलाइन कागदपत्रांत मजकूर पुन्हा दुसऱ्याच्या कपाटात गेला आहे. तिथे फाईल उघडत नाही, खातं उघडतं. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं, ते याच काळजीतून.

तेव्हा हे सॉफ्टवेअर वापरून पाहताना परीक्षा दुसऱ्याने पाठवलेल्या तक्त्याची घेऊ नये. त्या परीक्षेत ते अधूनमधून नापास होणार, आणि का, ते वर आलंच आहे. स्वतःचं वीस वर्षांपूर्वीचं लिखाण शोधावं आणि ते कशात उघडतं ते पाहावं. सनचं नाव आता फक्त इतिहासात उरलं आहे, स्टार डिव्हिजनचं तर फारसं कुणाला आठवतही नाही. पण २००२ साली ओपनऑफिसमध्ये युनिकोडात साठवलेली फाईल आजही बिनतक्रार उघडते. त्याच वर्षी कंपनीच्या फॉन्टात जुळवलेले कितीतरी दिवाळी अंक छापील प्रतींपुरते उरले आहेत, आणि ते परत कॉम्प्युटरवर आणायचे तर कुणीतरी पहिल्या पानापासून टाईप करायला बसायला हवं.