ओर्व्हिएतोच्या विहिरीची कुळकथा

रोमहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीने सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर ओर्व्हिएतो हे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे, आणि तेथे जाणारे बहुतेक प्रवासी 1290 साली पायाभरणी झालेल्या कॅथेड्रलाच्या कीर्तीने खेचले जातात. परंतु स्थापत्याचा वंशवृक्ष पाहू इच्छिणाऱ्याने तेथील संत पॅट्रिकच्या विहिरीकडेच प्रथम वळावे, असा माझा आग्रह आहे.

हे गाव वसले आहे ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या सच्छिद्र दगडाच्या पठारावर. चोहोबाजूंचे तुटलेले कडे शत्रूस दुर्लंघ्य खरे. पण त्या दगडातून झिरपणारे पावसाचे पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि झरे फुटतात ते कड्याच्या पायथ्याशी, त्यामुळे वेढा पडलाच तर तट शाबूत आणि आतली रयत तहानेने व्याकूळ, अशी अवस्था. प्राचीन एत्रुस्कन रहिवाशांनी म्हणूनच या खडकात अरुंद, खोल विहिरी खोदल्या होत्या आणि उतरण्यासाठी त्यांच्या भिंतींत पावलापुरत्या खोबणी ठेवल्या होत्या.

त्या चिंतेला राजाश्रय मिळाला तो 1527 साली. बादशहा पाचव्या चार्ल्सच्या फौजेने मे महिन्यात रोम लुटले, पोप सातवा क्लेमेंट सांत आंजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला, शरण आला, आणि अखेरीस डिसेंबरात वेषांतर करून निसटला तो ओर्व्हिएतोस. वेढ्याची झळ स्वतः सोसलेल्या त्या धर्मगुरूने पाण्याची कायमची तजवीज करण्याचे काम कनिष्ठ आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदावर सोपवले.

सांगाल्लोने वास्तुविशारद ब्रामान्तेच्या हाताखाली काम केले होते, आणि व्हॅटिकनमध्ये ब्रामान्तेने घोड्यावरून वर जाता यावे म्हणून बांधलेला चक्राकार चढ त्याच्या परिचयाचा असणार. पण तेथे चढणाऱ्याची आणि उतरणाऱ्याची वाट एकच होती. आणि जेथे खेचरांच्या रांगा अहोरात्र पाणी वाहणार, तेथे एकच वाट ठेवणे म्हणजे कोंडी ओढवून घेणे. त्याने युक्ती केली ती अशी: सुमारे 53 मीटर खोल आणि 13 मीटर रुंद अशा वर्तुळाकार खोदकामात, मधल्या पोकळ नळीभोवती, दोन स्वतंत्र जिने एकमेकांवरून वेढे घेत उतरवले, रिकामी खेचरे एका दाराने खाली जात, तळाशी पाण्यावरचा लहानसा पूल ओलांडत आणि लादलेली होऊन दुसऱ्या जिन्याने दुसऱ्या दाराशी येत, त्यांची समोरासमोर गाठ कधीच पडत नसे. प्रत्येक जिन्याच्या 248 पायऱ्या जनावराच्या खुरास साजतील अशा रुंद व उथळ आहेत, आणि मधल्या नळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून वरचा उजेड खालपर्यंत पोहोचतो. वरचा भाग खडकात कोरलेला, खालचा चिकणमातीत असल्यामुळे विटांनी बांधून काढलेला.

आयर्लंडमधील ज्या गुहेतून पापक्षालनाच्या लोकात जाता येते अशी श्रद्धा होती, तिच्यावरून या विहिरीस संत पॅट्रिकचे नाव पुढे चिकटले.

क्लेमेंटसाठी बेन्व्हेनुतो चेल्लीनीने 1534 साली जे पदक घडवले त्याच्या एका बाजूस पोपची मुखाकृती व दुसऱ्या बाजूस खडकावर काठी मारून पाणी काढणारा मोझेस आहे. ते या विहिरीस उद्देशून असल्याचे मानले जाते. त्याच वर्षी क्लेमेंट वारला, आणि काम पुरे झाले ते 1537 साली, तिसऱ्या पॉलच्या कारकिर्दीत. पदकावर मोझेसच्या जागी एखादे खेचर कोरले असते, तर तो न्याय अधिक योग्य झाला असता, असे माझे मत आहे.